गडचिरोलीचे ६२ टक्के आणि नंतरचे १२

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांविषयी एक क्षेत्रीय चाचणी केली. ३९ गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, त्या त्या गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत म्हणून निवडल्या गेल्या. बाळंतपणाच्या वेळी घरी हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, बाळाला ऊब देणे, पुढचा महिनाभर ठरावीक दिवशी घरी जाऊन तपासणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचे औषध सुरू करणे, एवढे काम त्यांना शिकवले होते. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवाच होती. सुरुवातीला दोन्हीकडे हजारी सुमारे ६० नवजात दगावत. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हे प्रमाण जवळपास तसेच राहिले, तर आरोग्यदूतांच्या गावांत ते २५.५ पर्यंत खाली आले. निव्वळ घट ६२ टक्क्यांची होती. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर सुरू केला. गावात सुचलेल्या आणि गावातच पडताळून पाहिलेल्या कल्पनेचा दिल्लीपर्यंतचा हा प्रवास आपल्याकडे क्वचितच घडतो, आणि त्याचा अभिमान वाटण्यात काही गैर नाही.

परंतु याच प्रवासाची दुसरी आकडेवारीही आहे आणि तिच्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. 'सर्च'च्या मार्गदर्शनाखाली महाराष्ट्रातल्या सात स्वयंसेवी संस्थांनी २००१ ते २००५ या काळात 'अंकुर' या प्रकल्पात हेच काम आपापल्या भागात केले, तेव्हा नवजात मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. म्हणजे मूळ जागेपासून दूर, वेगळ्या संस्थांच्या हातूनही परिणाम बराचसा टिकला. त्यानंतर निरनिराळ्या देशांत सरकारी यंत्रणेच्या रोजच्या चाकोरीत गृहभेटींच्या चाचण्या झाल्या. घानामधल्या अशाच एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे घट अवघी ८ टक्के होती. चाकोरीतल्या अशा पाच चाचण्या एकत्र करून काढलेला आकडा १२ टक्के आला. ही तुलना सरळसोट करता येत नाही, हे आधीच मान्य करायला हवे. घानातले कार्यकर्ते बाळाची तपासणी करून त्याला दवाखान्यात पाठवत, स्वतः इंजेक्शन देत नसत; मृत्युदर मुळातच कमी असेल तिथे मोठी घट दिसणेही अवघड असते. तरीही ६२, मग सुमारे ५०, आणि मग १२, ही उतरण केवळ परिस्थितीच्या फरकाने समजावून सांगता येत नाही.

या उतरणीचे उत्तर आपण सहसा चुकीच्या ठिकाणी शोधतो असे माझे मत आहे. संशोधन लोकांपर्यंत पोचत नाही, कार्यकर्त्यांना माहिती नसते, म्हणून पुस्तिका छापा, कार्यशाळा घ्या, हा आपला ठरलेला उपाय. वास्तविक आरोग्याचे काम करणाऱ्या कोणत्याही छोट्या संस्थेत गेलात तर पुस्तिकांनी भरलेले एक कपाट तुम्हाला हमखास दिसेल. काय करायचे ते कपाटात आहे. ते करणाऱ्या माणसाला महिनोन्महिने जे पाठबळ लागते ते कपाटात ठेवता येत नाही. म्हणून कार्यक्रम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना आपण यादी नेतो आणि पाठबळ मागे सोडतो.

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे प्रयोगशाळेशिवाय कसे ओळखायचे, यासाठी गडचिरोलीत जी लक्षणे ठरवली गेली, ती नीट वाचली तर हे अधिक स्पष्ट होते. त्यातल्या महत्त्वाच्या लक्षणांची शब्दरचनाच वेगळी आहे: आधी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते किंवा रडणे थांबले, आधी नीट दूध ओढणारे बाळ आता ओढत नाही, आधी हुशार असलेले बाळ आता मलूल झाले. अशा सातांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली तर संसर्ग समजून उपचार सुरू करायचे. इथे सगळा भार 'आधी' या शब्दावर आहे. ज्या बाईने हे बाळ तिसऱ्या दिवशी पाहिले आहे, तिलाच सातव्या दिवशी फरक कळणार. ज्या आजीशी तिचे आधी चार शब्द बोलणे झाले आहे, तीच आजी मध्यरात्री तिच्याकडे माणूस पाठवणार. भेटींमधले दिवसांचे अंतर आणि भेट घेणारी व्यक्ती तीच असणे, या दोन गोष्टी म्हणजेच इथे निदानाचे साधन आहे.

आता राष्ट्रीय कार्यक्रमात या भेटींचे काय झाले ते पाहू. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, आणि घरी बाळंतपण झाले असल्यास पहिल्या दिवशी आणखी एक. कागदावर अंतर जपलेले आहे. मात्र मोबदला, जो या कामासाठी बाळामागे २५० रुपये ठरला, तो सगळ्या भेटी पूर्ण झाल्याचा फॉर्म भरून दिल्यावर मिळणार. मोजमाप भेटींच्या संख्येचे आहे, त्यामुळे व्यवस्थेची नजरही संख्येवरच राहते. बाळंतीण माहेरी गेली, लसीकरणाचा दिवस आला, सर्वेक्षणाचे नवे काम अंगावर पडले, की तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट दहाव्या दिवशी एकत्र उरकली जाते आणि फॉर्मवर दोन्ही तारखा व्यवस्थित पडतात. याला मी आशाताईंचा अप्रामाणिकपणा म्हणणार नाही. ज्या कामाचा अर्थ सांगितला गेला नाही, ते काम माणूस त्याच्या हिशेबाप्रमाणेच करतो. दोन भेटी एकत्र केल्या तर नेमके काय हरवते, हे तिला कोणी बाळाच्या शेजारी बसून दाखवले आहे का, हा खरा प्रश्न आहे.

गडचिरोलीत ते दाखवणारा माणूस होता. पर्यवेक्षक डॉक्टर दर पंधरवड्याला प्रत्येक गावात जात असे, आरोग्यदूताच्या नोंदी घरी जाऊन पडताळत असे, चुका तिथल्या तिथे सुधारत असे आणि पुढचे शिकवत असे. यातला नोंदींचा भाग संशोधनासाठी होता, म्हणून कार्यक्रम मोठा करताना तो 'संशोधनाचा खर्च' ठरला आणि गळाला. शिकवण्याचा भाग त्याच भेटीत मिसळलेला होता, त्यामुळे तोही गेला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हाही गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या नियमितपणे केंद्रावर एकत्र येत, आपापल्या गावातले अनुभव मांडत आणि एकमेकींकडून शिकत. एकदाच प्रशिक्षण देऊन पाठवून दिले आणि काम झाले, असे या दोन्ही ठिकाणी कधीच नव्हते. सरकारी रचनेत ही जागा गटप्रवर्तकाची आहे. साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते, आणि तिचा स्वतःचा मोबदलाही फिरतीच्या दिवसांवर मोजला जातो. अहवाल गोळा करणे, बैठकांना हजर राहणे आणि निरोप पोचवणे यांतून उरलेल्या वेळात तिने आशांना शिकवायचे, अशी अपेक्षा आहे.

इंजेक्शनाची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यातून दुसराच धडा निघतो. मूळ चाचणीत जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, ते आरोग्यदूत घरीच इंजेक्शन देत होती म्हणून. राष्ट्रीय कार्यक्रमात ते आशांच्या हाती दिले गेले नाही. पुढे २०१४ मध्ये, बाळाला दवाखान्यात नेणे शक्य नसेल तर एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेने, जेंटामायसिन द्यावे, अशा मार्गदर्शक सूचना निघाल्या. आशांना इंजेक्शन न देण्याचा निर्णय चूक की बरोबर, यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. मला खटकते ते वेगळेच. कार्यक्रमाचा सर्वांत परिणामकारक अवयव काढून घेतल्यावर उरलेल्या कार्यक्रमाकडून तेवढ्याच परिणामाची अपेक्षा करू नये, एवढे साधे वाक्य त्या वेळी कुठेही ठळकपणे लिहिले गेले नाही. 'गडचिरोलीत सिद्ध झालेला' हे विशेषण मात्र कार्यक्रमाबरोबर देशभर फिरत राहिले.

याचा अर्थ मूळ कार्यक्रमाला हातच लावू नये असा नाही. १९९५ साली गडचिरोलीत बहुतेक बाळंतपणे घरी होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये राज्यातला नवजात मृत्युदर हजारी ११ होता. अशा वेळी जन्माच्या क्षणी श्वास देण्याचे कौशल्य आशांना शिकवत बसण्यात फारसा अर्थ नाही. दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी आलेले कमी वजनाचे बाळ, त्याची ऊब, त्याचे दूध आणि त्याचे बिघडणे वेळेत ओळखणे, हा भाग मात्र आजही घरातच घडतो. कोणता भाग सोडायचा आणि कोणता धरून ठेवायचा, हे ठरवण्यासाठी तो भाग कशासाठी होता हे माहीत असावे लागते.

बदल कसा करावा याचे एक सुंदर उदाहरण गडचिरोलीनेच घालून दिले आहे. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला श्वास किती हे मोजावे लागते, आणि गावातल्या अनेक दाईंना तेवढी मोजणी येत नव्हती. मग वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मणी असलेले साधे यंत्र तयार झाले. ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी धोक्याच्या मण्यापर्यंत पोचले तर न्यूमोनिया समजायचा. आकडे गेले, मणी आले. पण पूर्ण मिनिटभर बाळाच्या छातीकडे पाहत राहण्याची अट तशीच राहिली. मेळघाटातल्या कोरकू कुटुंबात किंवा भामरागडच्या माडिया पाड्यावर कार्यक्रम नेताना असेच करावे लागते: शब्द बदलावे, चित्रे बदलावीत, कोणाच्या तोंडून सांगायचे तेही बदलावे, पण ज्या कृतीमुळे जीव वाचतो ती शाबूत ठेवावी.

गोव्यातल्या एका अनुभवाचाही इथे उल्लेख करायला हवा, कारण तो या चर्चेला जरा अडचणीत आणतो. 'संगत' या संस्थेने नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत बसवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांमध्ये सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते, तर जिथे समुपदेशक नव्हते त्या सरकारी केंद्रांत ते ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण समुपदेशकाशिवायही जवळपास तेवढ्याच प्रमाणात बरे होत होते. आपल्या रुग्णाला नावाने ओळखणारा, त्याचे घरचे हालहवाल विचारणारा डॉक्टर बहुधा ते काम आधीच करत असावा. म्हणजे 'सिद्ध झालेला कार्यक्रम' हा शब्दप्रयोग अर्धवट आहे. कुठे सिद्ध झाला, तिथे आधी काय नव्हते, आणि आमच्याकडे ते आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कोणत्याही संस्थेने कार्यक्रम उचलू नये. असे विचारण्याची उसंत आणि असे विचारायला शिकवणारा जाणता माणूस लहान संस्थांना मिळत नाही.

त्यांना मिळते ते असे: कार्यक्रमाची निवड देणगीदाराने आधीच केलेली असते, तीन दिवसांचे प्रशिक्षण शहरात असते, मुदत एक वर्षाची असते आणि पहिल्या तिमाहीच्या अहवालात 'लाभार्थी' दिसावे लागतात. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेने कार्यकर्ते नेमायचे, त्यांना शिकवायचे, कुटुंबांचा विश्वास मिळवायचा आणि वर मूळ संशोधनाइतका परिणामही दाखवायचा. वर्षअखेर परिणाम दिसला नाही की संस्था कमकुवत ठरते, किंवा कार्यक्रम निरुपयोगी ठरतो. दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात.

या प्रश्नाची पैशाची बाजू आरोग्याच्या चर्चेत क्वचितच येते. पर्यवेक्षकाचा पगार, त्याच्या दुचाकीचे पेट्रोल, महिन्याच्या बैठकीचा चहा आणि प्रवासखर्च, अनुभवी संस्थेतून आलेल्या मार्गदर्शकाचा मुक्काम, हे सगळे प्रस्तावात 'प्रशासकीय खर्च' म्हणून पडते, आणि प्रशासकीय खर्च म्हटले की कात्री लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च नियमाने त्यात मोडतच नाही. तरीही तोच ५ टक्क्यांचा आकडा संस्थांच्या अंदाजपत्रकावर लादला जाताना मी पाहिला आहे, आणि संस्थाही पुढचे अनुदान जाऊ नये म्हणून निमूटपणे तो मान्य करतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेला बदल याहून जड गेला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावर पूर्ण बंदी आली. निधीचा गैरवापर रोखणे हा हेतू समजण्यासारखा आहे. पण संशोधनाचा अनुभव असलेल्या मोठ्या संस्थेने सात-आठ लहान संस्थांना निधी आणि मार्गदर्शन सोबतच द्यायचे, ही जी सर्वांत नैसर्गिक वाट होती, ती या निधीपुरती बंद झाली. आता लहान संस्थेने स्वतः नोंदणी मिळवावी आणि स्वतः परदेशी दाता शोधावा. तालुक्याच्या दोन खोल्यांतून हे होत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. पंधरवड्याला डॉक्टर गावात पाठवण्याची चैन सात संस्थांना परवडेल, राज्याला परवडणार नाही. मोठ्या प्रमाणावर काम करायचे तर परिणामात थोडी घट स्वीकारावीच लागते, आणि सत्तर हजार आशांच्या भागांतली १२ टक्के घट ३९ गावांतल्या ६२ टक्क्यांपेक्षा जास्त जीव वाचवते. हिशेब बरोबर आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: पाठबळ म्हणजे डॉक्टरच. दर पंधरा दिवसांनी येणारी व्यक्ती डॉक्टरच असावी लागते असे कोणी सिद्ध केलेले नाही. चार वर्षे हे काम मन लावून केलेली एखादी आशा, तिला पगार आणि प्रवासखर्च देऊन, दहा गावांतल्या नव्या आशांच्या शेजारी बसवता येईल. गटप्रवर्तकांकडचे अहवालांचे काम डेटा ऑपरेटरकडे देऊन त्यांना शिकवण्यासाठी मोकळे करता येईल. गटप्रवर्तकांची जुनी मागणी आहे की त्यांना कंत्राटी कर्मचाऱ्यांचा तरी दर्जा द्यावा. २०२३ आणि २०२४ मध्ये आशांनी संप केला, आझाद मैदानावर त्या दिवसेंदिवस बसून राहिल्या, आणि त्यानंतर राज्याने मोबदल्यात वाढ केली. वर्तमानपत्रांनी या सगळ्याकडे पगाराचे भांडण म्हणूनच पाहिले. माझ्या मते ते संशोधनाच्या अंमलबजावणीचेही भांडण होते, कारण जिला आपण कामगारच मानत नाही, तिच्याकडून चाचणीतल्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे हास्यास्पद आहे.

संशोधन करणाऱ्यांनाही यातून मोकळे सोडता येत नाही. निबंध प्रसिद्ध झाला, धोरणात शिफारस आली, की त्यांचे काम संपले असे मानण्याची पद्धत आहे. निबंधात उपचारांचे वर्णन एक-दोन परिच्छेदांत असते; पर्यवेक्षकाने गावात गेल्यावर पहिल्यांदा काय पाहायचे, कार्यकर्ती वर्षभरात काम सोडून गेली तर काय करायचे, वजनकाट्याची स्प्रिंग सैल झाली तर ती कोणाकडे दुरुस्त होते, हे त्यात नसते आणि असूही शकत नाही. पण ते कुठेतरी असायला हवे, आणि ते मराठीत असायला हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यातल्या कोणत्या तीन गोष्टी सोडल्या तर आमचा निष्कर्ष तुम्हाला लागू होणार नाही, हे संशोधकांनी स्वतः होऊन लिहून द्यावे. औषधाच्या वेष्टनावर मात्रा आणि इशारे छापणे सक्तीचे असते. जे कार्यक्रम लाखो घरांत जाणार आहेत, त्यांना हा नियम का लागू नसावा हे मला समजत नाही.

आणि देणगीदारांसाठी, त्यात राज्याचा आरोग्य विभागही आला, एक अगदी कारकुनी सूचना आहे. प्रस्तावाच्या नमुन्यात 'पर्यवेक्षण आणि सहप्रशिक्षण' हा रकाना प्रशासकीय खर्चाखालून काढून कार्यक्रम खर्चाखाली आणावा, त्याला किमान मर्यादा घालावी, कमाल नव्हे, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या अहवालात लाभार्थींची संख्या विचारूच नये. त्याऐवजी विचारावे की नव्या कार्यकर्तीच्या शेजारी जाणते माणूस किती दिवस बसले, आणि त्या दिवसांत तिच्या हातून झालेल्या कोणत्या चुका तिथेच सुधारल्या गेल्या.